सण माणसांचा, धांदल कुत्र्याची

डिसेंबर उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. लसी आणि गोचिड्या मागे पडतात. चॉकलेट, ख्रिसमस ट्री, पाहुणे आणि फटाके पुढे येतात. यंदाच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कुत्रा आत्ता या क्षणी सारखा ओकत असेल, झोकांड्या खात असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर हे वाचत बसू नका. आधी पशुवैद्याला फोन लावा.

प्रश्न : भेट आलेल्या डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅमच्या वडीतली अर्धी वडी आमच्या ८ किलोच्या स्पिट्झने फस्त केली. घरातले म्हणतात, एवढ्याशाने काही होत नाही, दूध पाजा. नेमकं किती चॉकलेट धोक्याचं?

उत्तर : ‘एवढंसं’ हे माप इथे चालत नाही. कुत्र्याचं वजन, चॉकलेटचा प्रकार आणि पोटात गेलेले ग्रॅम, या तीन गोष्टी कळल्या की हिशेब मांडता येतो. चॉकलेटमधला त्रासदायक पदार्थ म्हणजे थिओब्रोमिन, जोडीला थोडं कॅफीन. कुत्र्याचं शरीर हे फार सावकाश बाहेर टाकतं. नुसतं निम्मं उतरायलाच १७-१८ तास लागतात.

एक ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, ७० टक्के कोको असलेल्या डार्कमध्ये ८, बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १४ ते १६ आणि कोको पावडरमध्ये २० किंवा त्याहूनही जास्त. पांढऱ्या चॉकलेटमध्ये ते नावापुरतंच असतं. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा सुरू होतो. ४० ते ५० च्या घरात हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या आसपास झटके येऊ शकतात.

आता तुमच्या स्पिट्झचा हिशेब. ५० ग्रॅम गुणिले ८ म्हणजे ४०० मिलिग्रॅम. भागिले ८ किलो म्हणजे किलोमागे ५०. हा सरळ दवाखान्यात नेण्याचा आकडा आहे. हेच ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट असतं तर किलोमागे साडेबारा झाले असते आणि बहुधा पोट बिघडण्यावर निभावलं असतं. उलट कोको पावडर असती तर जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे चार सपाट मोठे चमचे, तेवढ्याच विषाला पुरले असते. केक करताना ओट्यावर उघडा राहिलेला कोकोचा डबा वडीपेक्षा वाईट, तो यामुळे.

पहिले काही तास कुत्रा टुणटुणीत दिसतो आणि इथेच लोक फसतात. खरा त्रास बहुतेकदा ६ ते १२ तासांत दिसायला लागतो आणि तीन दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. दुधाने विष उतरत नाही, उलट जुलाबात भर पडते. चॉकलेट पोटात वितळून त्याचा गोळा होतो, त्यामुळे थोड्या उशिराने नेलं तरी डॉक्टरांना उलटी करवून बरंचसं बाहेर काढता येतं. पण ‘थोडा उशीर’ म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ नव्हे. फोन करताना रॅपर हातात ठेवा आणि कोकोची टक्केवारी, उरलेल्या तुकड्याचं वजन, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचं वजन सांगा. कुत्र्याला घरी पाठवलं तर दर दोन-तीन तासांनी पट्टा लावून लघवीला न्या. थिओब्रोमिन मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं, म्हणून तुंबलेली लघवी इथे नको.

प्रश्न : बीगलने प्लम केकचा एक तुकडा पळवला. चॉकलेट नव्हतं, नुसते बेदाणे होते. निर्धास्त राहावं ना?

उत्तर : नको. द्राक्षं, बेदाणे, मनुका आणि केकमध्ये घालतात ते बारीक काळे करंट, हे सगळं कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठतं. यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असल्याचं पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं आणि त्यामुळे जुनं कोडंही बरंच उलगडलं. द्राक्षाची जात, पीक आणि पिकलेपणा यांनुसार या आम्लाचं प्रमाण बदलतं. म्हणून एक कुत्रा मूठभर खाऊनही हिंडतो आणि दुसरा थोडक्यावर आजारी पडतो. ‘मागच्या वर्षी खाल्ला होता, काही झालं नाही’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. केक भाजल्याने हे आम्ल जात नाही. बेदाण्यांत तर पाणी उडालेलं, म्हणजे तोच माल कमी वजनात.

सुरुवातीला उलट्या होतात, बहुधा पहिल्या दिवसात. मूत्रपिंडांचं नुकसान २४ ते ७२ तासांत उघड होतं आणि लघवी कमी झालेली तुमच्या लक्षात येईपर्यंत गाडी बरीच पुढे गेलेली असते. बेदाणे पोटात फुगून बराच वेळ पडून राहतात, त्यामुळे काही तासांनंतरही उलटीचा उपयोग होतो. त्याच दिवशी न्या. सलाइन आणि पुढचे दोन-तीन दिवस रक्ततपासणी लागू शकते. केकमधले बेदाणे रममध्ये मुरवलेले असतील तर तेही सांगा. दारूचा परिणाम वेगळा मोजावा लागतो.

प्रश्न : अशा वेळी मिठाचं पाणी पाजून घरीच उलटी करवली तर वेळ वाचेल का?

उत्तर : जीव जाईल. किलोमागे २ ग्रॅम मीठ विषारी आणि ४ ग्रॅम प्राणघातक ठरू शकतं. एका मोठ्या चमच्यात १७-१८ ग्रॅम मीठ मावतं, म्हणजे ८ किलोच्या कुत्र्याला एकच चमचा विषबाधेला पुरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरांनी फोनवर प्रमाण सांगितल्याशिवाय देऊ नका. त्याने जठर सोलवटतं. दवाखान्यात इंजेक्शन असतं, आता डोळ्यात टाकायचे थेंबही आहेत, आणि दोन्हींनी काम लवकर होतं. टोकदार वस्तू, बटण सेल किंवा तेलकट रसायन गिळलं असेल, कुत्रा गुंगीत असेल, किंवा पग-बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर घरी उलटीचा विचारही नको.

प्रश्न : सात महिन्यांच्या पिल्लाचा हा पहिलाच ख्रिसमस. ट्री ठेवावा की यंदा नकोच?

उत्तर : ठेवा, पण एका दिवसात सजवू नका. पहिले दोन-तीन दिवस नुसतं झाड उभं राहू द्या. पिल्लाला ते हुंगू द्या, कंटाळू द्या. मग दिवे, मग सजावट. नवलाई आणि लोंबकळणाऱ्या वस्तू एकदम समोर आल्या की सात महिन्यांच्या तोंडाला आवरणं कठीण. झाड खरं असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: बाहेर झाडाशी पाय वर करायचा आणि घरात नाही, हा फरक नराला कोणी समजावलेला नसतो. पहिले काही दिवस झाडाजवळ जाताना पट्टा लावा आणि हुंगून वळला की लगेच बाहेर न्या.

बुडाला रुंद, जड स्टँड हवा. खोडाच्या दोन तृतीयांश उंचीवर नायलॉनची दोरी बांधून ती भिंतीतल्या हुकाला अडकवा. शेपटीच्या फटक्याने किंवा मागच्या पायांवर उभं राहून ओढल्याने झाड अंगावर येतं, ते टळतं. पिल्लू मागच्या पायांवर उभं राहिल्यावर नाक जिथवर पोचतं तिथवरचा भाग रिकामा ठेवा, किंवा तिथे फक्त लाकूड-लोकरीचे मोठे गोळे लावा. काचेचे गोळे आणि तारेचे हुक वरच्या भागात. चमकीच्या झिरमिळ्या मात्र कुठेच नकोत. लांब, चिवट पट्टी गिळली गेली की तिचं एक टोक कुठेतरी अडकतं, आतडं तिच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि पट्टी करवतीसारखी ते कापत जाते. गुदद्वारातून असा धागा लोंबताना दिसला तर ओढू नका. तसाच दवाखान्यात न्या.

मुलं हौसेने मिठाच्या कणकेचे तारे करतात. एक वाटी मीठ, दोन वाट्या पीठ. वजनाने पाहिलं तर वाळलेल्या ताऱ्यात निम्म्याच्या आसपास मीठच असतं. ४० ग्रॅमच्या एका ताऱ्यात २० ग्रॅम. ५ किलोच्या कुत्र्याला हे किलोमागे ४ ग्रॅम, म्हणजे वर सांगितलेला प्राणघातक आकडा. कुत्र्याला ते बिस्किट वाटतं, दोष त्याचा नाही. बर्फ पडताना दिसतो ते काचेचे गोलही उंचावर ठेवा, त्यांपैकी काहींतल्या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच कामाचा.

दिव्यांच्या वायरी कडक प्लास्टिकच्या नळीत घाला आणि घराबाहेर पडताना स्विच नव्हे, प्लगच काढा. पिल्लाने चालू वायर चावलीच तर त्याला हात लावण्याआधी मेन बंद करा. जीभ किंवा ओठाला पांढुरका, पिवळसर चट्टा दिसेल. तो फारसा दुखत नसला तरी दाखवायला हवं, कारण विजेच्या धक्क्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. पुढचे २४ तास झोपेतले श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या पुढे जाऊन तिथेच राहिले तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

स्टँडमधलं पाणी झाकून ठेवा. झाडाखाली खाण्याच्या भेटी नकोत. कागदाचे तीन थर तुम्हाला अडवतात, कुत्र्याच्या नाकाला नाही.

प्रश्न : पॉइन्सेटियाची कुंडी घरात आणली तर?

उत्तर : आणा. तिची बदनामी जास्त झाली आहे. चिकाने तोंड चुरचुरतं, लाळ गळते, क्वचित उलटी होते. अमॅरिलिस या फुलझाडाच्या कंदापासून मात्र कुत्र्याला जपा.

प्रश्न : जेवणाच्या टेबलाखाली आमचा लॅब करुण चेहरा करून बसतो. काय दिलेलं चालेल?

उत्तर : उकडलेलं, बिनमिठाचं, कातडी काढलेलं मांस, उकडलेलं गाजर, फरसबी. दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांत बसेल इतकंच, आणि तेही टेबलावरून नाही, त्याच्या भांड्यात.

भाजलेल्या पक्ष्याची कातडी, चरबीचे काप आणि ट्रेमध्ये उरलेला तुपाळ रस, या तिघांमुळे सणानंतर स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री दवाखान्यात येतात. उलट्या, अन्नाला तोंड न लावणं, पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचा भाग वर ठेवणं ही त्याची खूण. हे एक-दोन दिवसांनी उमटतं, तोवर घरात ‘काय खाल्लं होतं’ हे कुणाला आठवत नाही.

शिजवलेली हाडं फुटून त्यांच्या कपच्या होतात, ती कोणत्याच प्राण्याची देऊ नका. कांदा-लसूण शिजवला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरेसा आहे, वाळवलेली पूड त्याहून कितीतरी कमी. अशक्तपणा आणि गडद लघवी तीन ते पाच दिवसांनी दिसते. दाणे काढलेलं मक्याचं कणीस आतड्यात बुचासारखं बसतं. यीस्ट घातलेली कच्ची कणीक पोटाच्या उबेत फुगत राहते आणि आंबून दारूही तयार करते. ओव्हनशेजारी ‘फुगायला’ ठेवलेलं भांडं म्हणूनच दार लागणाऱ्या कपाटात ठेवा.

आणि मांस बांधायचा दोरा! त्याच्यावर रस मुरलेला असतो, तो कापून कचऱ्यात टाकतात आणि जेवणानंतर सगळे बाहेरच्या खोलीत जातात. त्या दहा मिनिटांत लॅब कचऱ्याचा डबा उलटवतो. दोरा, जाळी, फॉइल आणि हाडं एका पिशवीत गाठ मारून, जेवायला बसण्यापूर्वीच घराबाहेरच्या डब्यात टाका.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा कुत्रा गरीब आहे. गेल्या ख्रिसमसला मात्र पाहुण्यांच्या चार वर्षांच्या मुलीवर तो गुरगुरला. आम्ही त्याला चांगलं खडसावलं. यंदा ती पुन्हा येणार आहे. त्याला कसं शिकवावं?

उत्तर : त्या चार दिवसांत शिकवू नका, सांभाळा. घर भरलेलं, माणसं अनोळखी, जेवणाच्या वेळा हुकलेल्या, अशा वेळी कुत्रा नवं काही शिकत नाही. त्याला तिथे उभं करून त्याची परीक्षा घेण्याची गरजही नाही.

खडसावल्याने झालं काय? गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ ही त्याची उघड सूचना. ती बंद पाडली की भीती तशीच राहते, फक्त सूचना जाते आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. गुरगुरण्याआधीही तो बरंच बोललेला असतो: ओठावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, तोंड वळवणं पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहणं, म्हणजे डोळ्यातला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो, कान मागे, मग अंग ताठ आणि हालचाल थांबलेली. मुलगी गळ्यात हात टाकते आहे आणि कुत्रा ‘शांत’ बसला आहे, असा जो फोटो सगळ्यांना आवडतो, त्यात बहुधा हाच ताठपणा असतो.

आधी दवाखान्यात सांधे, दात आणि कान तपासून घ्या. आठव्या वर्षी पहिल्यांदा गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. मग त्याच्यासाठी एक खोली ठरवा, पाहुणे यायच्या आठवडाभर आधी. तिथे त्याची न धुतलेली गादी, पाणी आणि जिभेने चाटत बसायचं काहीतरी ठेवा. रोज दोनदा पाच-दहा मिनिटं, घरात कोणी नसताना, तिथे छान खाऊ मिळू द्या. ऐन दिवशी पहिल्यांदाच कोंडलं तर खोली म्हणजे शिक्षा वाटते आणि तो दार ओरबाडतो.

पाहुणे यायच्या तासभर आधी त्याला लांब, सावकाश फिरवा. पट्टा सैल, हुंगायला मोकळीक. धावडवून दमवण्यापेक्षा हे बरं. दमवलेला कुत्रा चिडचिडाही होतो. बेल वाजेल तेव्हा तो खोलीत, दार बंद. पाहुणे बसले, आवाज खाली आला की हार्नेस आणि पट्ट्यासह बाहेर आणा. पाहुण्यांना आधीच सांगा: त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, यायचं असेल तर तो येईल. आला तर छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद खाजवा आणि हात काढा. तो पुढे सरकला तर पुन्हा खाजवा. हलला नाही किंवा तोंड वळवलं तर तेवढ्यावरच थांबा. मुलीला ही तीन सेकंदांची गोष्ट खेळ म्हणून शिकवता येते आणि चार वर्षांची मुलं ती मोठ्यांपेक्षा चोख पाळतात.

गादीवर असताना, जेवताना, चघळताना, झोपेत त्याच्याजवळ जायचं नाही. ती आणि तो एका खोलीत असतील तेव्हा एक मोठा माणूस फक्त त्यांच्याकडेच बघणारा हवा. जबाबदारी नाव घेऊन द्या-घ्या: ‘मी स्वयंपाकघरात चाललोय, आता तू बघ.’ सगळेच बघत आहेत म्हणजे कोणीच बघत नाही. असा माणूस नसेल तर कुत्रा खोलीत आणि दारावर लहान मुलांचं गेट. नुसती ‘लक्ष ठेवतो’ ही व्यवस्था धरू नका.

एक शेवटचं, पाहुण्यांच्या पिशव्या. खुंटीला, उंचावर. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये अनेकदा झायलिटॉल असतं, लेबलवर त्याला ‘बर्च शुगर’ किंवा ई९६७ असंही लिहितात. किलोमागे ०.१ ग्रॅमला रक्तातली साखर कोसळते, कधी अर्ध्या तासात; ०.५ ग्रॅमला यकृत निकामी होऊ शकतं. पर्समधल्या दुखण्यावरच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, त्याच पंगतीतल्या.

प्रश्न : दार उघडलं की आमची कुत्री सटकते. शिवाय सांताच्या वेशातल्या माणसाला पाहून थरथरते.

उत्तर : दार आणि ती यांच्या मध्ये दुसरा अडसर हवा, गेट किंवा बंद खोली. वर्दळीच्या दिवशी घरातही हलका, सव्वा मीटरचा पट्टा लावून ठेवा, मात्र कोणी बघत असेल तेव्हाच. बाहेर जाताना पट्ट्याचं एक टोक हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला. मायक्रोचिप असेल तर तिच्या १५ अंकी क्रमांकापुढे तुमचा आताचा फोन नोंदलेला आहे का, हे आजच पाहा. चिप हरवलेलं कुत्रं शोधत नाही, नंबर जुना असेल तर सापडलेलंही पोचत नाही.

सांताच्या दाढीमुळे चेहरा जातो, कपड्यांमुळे देहाचा आकार बदलतो, वर घंटा. तिला त्या खोलीत नेऊच नका. फोटो तिच्यावाचून निघतो.

प्रश्न : नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी गिळली. पळू का?

उत्तर : सिलिका जेल जवळजवळ निरुपद्रवी आहे, पुडी मोठी आणि कुत्रा अगदी छोटा असेल तरच अडकण्याची भीती. पण खाण्याच्या पाकिटातली पुडी चपटी असेल, आत काळपट-तांबूस भुकटी असेल, तर ती ऑक्सिजन शोषणारी आणि आत लोह. ती मात्र फोन करण्यासारखी. बटण सेल गिळला असेल तर थांबूच नका, अर्ध्या तासाच्या आतही अन्ननलिका भाजू शकते.

प्रश्न : ३१ डिसेंबरच्या रात्री फटाके सुरू झाले की आमचा कुत्रा न्हाणीघरात कमोडमागे जाऊन धापा टाकतो. दरवर्षी आम्ही त्याला ओढून बाहेर काढतो. जवळ घेतलं तर भीती वाढते असंही ऐकलं आहे.

उत्तर : ऐकलेलं विसरा. भीती ही भावना आहे, लाड केल्याने ती ‘शिकली’ जात नाही. तो जवळ येत असेल तर घ्या, हळू, सलग हाताने थोपटा. येत नसेल तर बोलावू नका. आणि न्हाणीघरातून ओढून काढणं यंदापासून बंद. खिडकी नाही, भिंती जाड, नळाचा आवाज. त्याने जागा विचारपूर्वकच निवडली आहे. तिथेच गादी टाका, पाणी ठेवा, फिनेल उचलून ठेवा, दार उघडं राहील असं अडकवा.

त्या दिवशीचा फेरफटका अंधार पडायच्या आत उरका, जेवणही लवकर द्या. पडदे ओढा म्हणजे चमक दिसत नाही. आवाज झाकायला टेबलफॅन आणि ढोल-बास असलेलं संथ संगीत लावा. टीव्हीवरच्या पातळ संवादांनी स्फोटाचा जाड आवाज झाकला जात नाही. ते सगळं पहिल्या फटाक्याच्या तासभर आधी सुरू करा.

धडाका झाला की लगेच त्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ, प्रत्येक वेळी. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. उलट झालं तर खाऊ दिसला म्हणजे आता फुटणार, असं तो ताडतो आणि खाऊलाच घाबरू लागतो. खाऊ तोंडातून गळत असेल किंवा तो घेतच नसेल तर भीती याच्या पलीकडे गेली आहे आणि औषधाचा विषय आहे.

कमोडमागे धापा टाकणारा कुत्रा औषधाचा हक्कदार आहे, त्यात कमीपणा नाही. डेक्समेडेटोमिडिनचा जेल गाल आणि हिरडी यांच्यामध्ये लावतात; गिळला गेला तर काम करत नाही, म्हणून त्यानंतर थोडा वेळ खाणं नाही. लावताना हातमोजे घाला. परिणाम अर्ध्या ते एका तासात येतो आणि गरजेनुसार किमान दोन तासांच्या अंतराने पुन्हा लावता येतो. इमेपिटॉइनच्या गोळ्या दोन दिवस आधी सुरू कराव्या लागतात, म्हणजे २९ तारखेलाच. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन डॉक्टर फटाक्यांच्या दीड-दोन तास आधी द्यायला सांगतात. काहीही असलं तरी एक मात्रा आधी एखाद्या शांत संध्याकाळी देऊन पाहा. काही कुत्री उलट बिथरतात, ते ३१ च्या रात्री कळायला नको. घरातलं माणसांचं गॅबापेंटिन सिरप वापरू नका, त्यात झायलिटॉल असू शकतं. नुसतं ॲसप्रोमाझिन सुचवलं गेलं तर दुसरा पर्याय विचारा. त्याने शरीर लुळं पडतं, भीती जागीच असते. घरच्यांना वाटतं झोपला; तो ऐकत पडलेला असतो.

ध्वनिफिती लावून सवय करण्याचा उपाय चांगला आहे, पण त्याला महिने लागतात. कान जेमतेम टवकारतील इतक्या आवाजापासून, दिवसाला पाच-दहा मिनिटं, खाऊबरोबर. आत्ता घाईने सुरू केलात तर भीतीच पक्की होईल. फेब्रुवारीत सुरुवात करा.

प्रश्न : सुट्टीत नातेवाइकांकडे जायचं आहे. सोबत न्यावा की बोर्डिंगमध्ये ठेवावा?

उत्तर : तरुण, माणसाळलेला कुत्रा सोबत रमतो. म्हातारा किंवा बुजरा कुत्रा स्वतःच्या घरी, ओळखीच्या माणसाबरोबर राहिला तर उत्तम. बोर्डिंग निवडलं तर आधी एक रात्र ठेवून पाहा. रोजचं अन्न मापून, दिवसागणिक पुड्या करून द्या. नव्या जागेत नवं अन्न म्हणजे जुलाब ठरलेले. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस नाकातून दिली तरी तिला काम करायला काही दिवस लागतात, आदल्या दिवशी घेऊन भागत नाही.

गाडीत निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं, पाणी चालेल. क्रेट किंवा सीटबेल्टला अडकणारा हार्नेस, दर दोन तासांनी थांबा. गाडी लागत असेल तर मॅरोपिटंटची गोळी निघण्याच्या दोन तास आधी. पोचल्यावर सामान उतरवण्यापूर्वी यजमानांना एकच प्रश्न विचारा: उंदराचं औषध कुठे ठेवलं आहे? रक्त पातळ करणाऱ्या विषाची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी येतात, तोवर तुम्ही घरी परतलेले असता आणि संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

प्रश्न : पाहुणे गेले की कुत्रा दिवसभर झोपून राहतो. आजारी समजावं का?

उत्तर : एक दिवस झोपू द्या. मोठी कुत्री दिवसाचा बराच वेळ झोपतात आणि सणात ती झोप तुटलेली असते. त्याला फिरायला, खेळायला उठवू नका, फक्त लघवीला न्या. पण जेवणाच्या वेळी हाक मारून पाहा. भांडं वाजवूनही उठला नाही, दोन जेवणं चुकवली, ओकला, जोर करूनही शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, लघवी गडद दिसली, की ती झोप नव्हे. ओठ उचलून हिरडी पाहा. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडीच फिकट असेल तर कांदा किंवा उंदराचं औषध आठवा, उलट्या असतील तर दोरा, हाड आणि चरबी. गेल्या पाच दिवसांत घरात काय-काय शिजलं आणि कचऱ्याचा डबा कधी उलटला होता, ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या.